भग्ननौकेतील संकेतव्यवहार : जलतळीच्या अपघातातून सुटकेचा भाषिक विचार

१

मनुष्याचा भाषाव्यवहार प्राधान्याने वाचेवर उभा आहे आणि वाचा हवेवर. ज्या ठिकाणी हवाच मोजून बरोबर न्यावी लागते, त्या ठिकाणी भाषेचे काय होते, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ कुतूहलाचा वाटेल. परंतु बुडालेल्या जहाजाच्या पोटात शिरलेल्या पाणबुड्याच्या बाबतीत तो जीवनमरणाचा असतो. अशा अपघातांतून जे वाचले त्यांच्या धैर्याची वर्णने पुष्कळ होतात. त्यांना वाचविणाऱ्या संकेतव्यवस्थेचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखाचा विषय ती संकेतव्यवस्था हा आहे.

नांदेड-लातूरकडील अभ्यासकास समुद्र दूरचा असला, तरी खोल पाण्याचा परिचय त्याला विहिरीने करून दिलेलाच असतो. विहिरीची खोली परसांत सांगण्याची रीत आहे. परस म्हणजे पुरुषभर उंची. दर्यावर्दी लोक खोली वावांत मोजतात. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधील अंतर. इंग्रजीतील फॅदम या मापाचा मूळ अर्थही हाच. ही मापे सुमारे सहा फुटांची असून पाण्याची खोली माणसाने प्रथम स्वतःच्या देहानेच मोजली, याची ती साक्ष देतात. 'बुडणे' हे क्रियापदही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. जहाज बुडते, माणूस बुडतो, दिलेले पैसेही बुडतात. या सर्व प्रयोगांत कर्त्याची इच्छा नसते. 'बुडी मारणे' यात मात्र ती असते. 'पाणबुड्या' हा स्वेच्छेने बुडणारा. पाण्याखालील अपघात म्हणजे दुसऱ्या अर्थाकडून पहिल्या अर्थाकडे होणारी घसरण होय, असे म्हणता येईल.

२

स्कूबा पद्धतीत पाणबुड्या दाबाखालील हवेचे नळकांडे पाठीवर घेऊन जातो. पाण्यात दर दहा मीटर खोलीस एक वातावरण इतका दाब वाढत असल्यामुळे ३० मीटरवर एकूण दाब चौपट होतो आणि प्रत्येक श्वासास पृष्ठभागापेक्षा चौपट हवा खर्च होते. १२ लिटरच्या नळकांड्यात २०० वातावरणे दाबाने भरलेली हवा पृष्ठभागावरील मापाने सुमारे २४०० लिटर भरते. मिनिटास २० लिटर या हिशेबाने ती पृष्ठभागी दोन तास पुरेल. ३० मीटरवर ती अर्धा तास पुरते, आणि भयाने श्वास दुप्पट झाल्यास पाव तासात संपते. त्याच खोलीच्या आसपास नायट्रोजनाच्या दाबामुळे बुद्धीवर मद्यासारखी धुंदी चढू लागते.

उघड्या पाण्यात संकट ओढवल्यास, तो मार्गही धोक्यावाचून नसला तरी, वर जाण्याची सोय असते. जहाजाच्या आत डोक्यावर पोलादी छत असते. उलटलेल्या जहाजात जमीन वर आणि छत खाली गेलेले असते. दारे आडवी पडलेली असतात. वर्षानुवर्षे साचलेला बारीक गाळ आणि गंज पायाच्या एका फटकाऱ्याने उसळतो व काही क्षणांत हाताशी धरलेली विजेरीही दिसेनाशी होते. विहिरीचा गाळ ढवळल्यावर पाण्याचे काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्यास ही अवस्था निराळी समजावून सांगावयास नको.

येथे ध्वनीचाही आधार राहत नाही. चार्ल्स हॉकेट यांनी १९६० मध्ये मानवी भाषेची जी लक्षणे सांगितली, त्यांत ध्वनी सर्व दिशांस पसरतो, परंतु ऐकणाऱ्यास तो कोणत्या दिशेकडून आला ते कळते, हे एक आहे. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक असतो. त्यामुळे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पोहोचण्यातील कालाचे अंतर इतके अल्प होते की दिशा ओळखणे कठीण जाते. हाक पोहोचते, पण ती कोठून आली हे कळत नाही. शिवाय तोंडात श्वासनळी धरलेली असल्यामुळे स्पष्ट उच्चार शक्य नसतो.

३

या परिस्थितीत वाचेची जागा हस्तसंकेत घेतात. ही संकेतव्यवस्था अत्यंत लहान आहे, परंतु तिची रचना अभ्यसनीय आहे. अंगठा व तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे 'ठीक आहे'. हा संकेत प्रश्न आहे आणि उत्तरही आहे; विचारणाऱ्याने तो दाखविला की दुसऱ्याने तोच परत दाखवावयाचा असतो. पंजा गळ्यावरून आडवा फिरविणे म्हणजे 'हवा संपली'. हा संकेत रूपसादृश्यावर आधारलेला असल्याने नवख्यासही समजतो. उभा अंगठा मात्र घोटाळ्याचे मूळ आहे. मराठीत 'अंगठा दाखविणे' म्हणजे ऐनवेळी फसविणे. अलीकडच्या व्यवहारात उभा अंगठा म्हणजे 'उत्तम'. आणि पाणबुड्यांच्या संकेतात तो 'वर चला' असे सांगतो. भग्ननौकेत तर वर जाताच येत नाही. म्हणून तेथे त्याच अंगठ्याचा अर्थ 'उतरणे संपले, बाहेर पडण्याच्या वाटेस लागा' असा होतो. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो हे सोस्यूर यांचे तत्त्व येथे पुस्तकापुरते राहत नाही. 'उत्तम' समजून पुढे सरकणारा सोबती दोघांच्याही प्राणांशी खेळतो. या संकेतास नकार नाही आणि कारण विचारण्याची मुभाही नाही, असा नियम आहे. संवादात एरवी असणारा वादाचा अधिकार येथे जाणूनबुजून काढून टाकलेला आहे.

हात दिसत नाहीत इतक्या अंधारात विजेरी बोलू लागते. भिंतीवर प्रकाशाचे वर्तुळ फिरविणे म्हणजे 'ठीक', सावकाश आडवा फिरविलेला झोत म्हणजे 'लक्ष द्या' आणि जलद फिरविलेला झोत म्हणजे 'संकट'. एकामागून एक जाताना मागच्याचा प्रकाश पुढच्यास सतत दिसत राहिला पाहिजे. तो दिसेनासा झाला, तर काहीही न सांगता सर्व काही सांगितले गेले, असे समजून पुढच्याने मागे वळावयाचे असते. पाणिनीय व्याकरणात लोपासही कार्य असते, हे जाणणाऱ्या अभ्यासकास या शून्य चिन्हाचे महत्त्व सहज पटेल.

गाळ उसळला की प्रकाशही निरुपयोगी होतो आणि संकेत स्पर्शाकडे वळतात. पुढच्याच्या दंडावर अथवा पायावर हात ठेवून पुढे ढकलणे म्हणजे 'चला', दाबणे म्हणजे 'थांबा', मागे ओढणे म्हणजे 'मागे फिरा', अशी एक प्रचलित पद्धती आहे. त्याहून महत्त्वाची असते ती दोरी. आत शिरताना बाहेरच्या उघड्या पाण्यापासून अखंड दोरी सोडीत जावयाचे आणि तिच्यावर ठिकठिकाणी बाणाच्या आकाराचे लहान तुकडे बसवावयाचे. बाणाचे टोक बाहेरच्या वाटेकडे असते आणि ते अंधारात बोटांनी वाचता येते. दोरी हा बाहेर पडण्याच्या वाटेचा एकच लिखित पाठ होय. विहिरीच्या तळाशी काम करणारा मजूर आणि वर यारीवर उभे असलेले त्याचे सोबती यांच्यामध्येही दोर असतोच. त्याचे हिसके हाही एक निरोप असतो.

या दोन साधनांना हवेच्या हिशेबाची जोड दिली जाते. हवेचा एक तृतीयांश भाग आत जाण्यासाठी, एक तृतीयांश परत येण्यासाठी आणि उरलेला संकटासाठी. अमेरिकन गुहापाणबुडे शेक एक्स्ली यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तिकेत गुहांतील मृत्यूंची छाननी करून अखंड दोरी नसणे, परतीसाठी पुरेशी हवा न राखणे आणि अतिरिक्त खोली ही प्रमुख कारणे दाखविली. छत असलेल्या पाण्यास, मग ती गुहा असो वा जहाज, हेच नियम लागू पडतात.

४

दोरी हरवल्यास काय होते, हे स्पेनमधील माजोर्का बेटावरील घटनेवरून दिसते. १५ एप्रिल २०१७ रोजी भूगर्भशास्त्राचे शिक्षक चिस्को ग्रासिया आणि त्यांचे सहकारी पाण्याने भरलेल्या गुहेत असताना मार्गाची दोरी नाहीशी झाली. दोघांनी एका हवेच्या पोकळीचा आश्रय घेतला. तेथे डोके पाण्याबाहेर काढता आले, तोंडातील नळी काढता आली आणि वाचा परत मिळाली. उरलेली हवा एकालाच पुरण्यासारखी होती. कोणी जावे व कोणी थांबावे हा निर्णय हातवाऱ्यांच्या तुटपुंज्या संकेतसंग्रहात बसणारा नव्हता, तो बोलूनच झाला. सहकारी बाहेर पडले. ग्रासिया वाढत्या कर्बद्विप्राणिल वायूत सुमारे ६० तास थांबले आणि वाचले.

बुडालेल्या जहाजातील सर्वांत विलक्षण उदाहरण २०१३ चे आहे. २६ मे रोजी नायजेरियाच्या किनाऱ्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर जॅस्कॉन-४ हे लहान जहाज उलटून सुमारे ३० मीटर खोल तळाशी गेले. त्यावरील बारा जणांपैकी स्वयंपाकी हॅरिसन ओकेने तेवढा जहाजात अडकलेल्या हवेच्या पोकळीत जिवंत राहिला. चौपट दाबामुळे त्या लहानशा पोकळीत आकारमानाच्या मानाने चौपट हवा सामावलेली होती, आणि श्वासातून सुटणाऱ्या कर्बद्विप्राणिल वायूचा काही भाग पाण्यात विरघळत होता. जवळजवळ ६० तासांनी मृतदेह काढण्यासाठी पाणबुडे आत शिरले. त्या वेळच्या चित्रफितीत गढूळ पाण्यातून एक हात पुढे येतो. पाणबुड्याने तो मृताचा हात समजून धरला, आणि त्या हाताने त्याचा हात घट्ट धरला. येथे एकही शब्द नाही आणि पूर्वनियोजित संकेतही नाही. तरीही तेवढ्या पकडीने पूर्वीचा अर्थ रद्द होऊन 'मी जिवंत आहे' हे विधान पूर्ण झाले. परंतु पुढील सुटका पकडीवर झाली नाही. त्यास आधी ऊब देण्यात आली, शिरस्त्राण चढविण्यात आले, सूचना देत देत निमज्जनघंटेत नेण्यात आले, आणि शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून दोन दिवसांहून अधिक काळ दाबकक्षात ठेवण्यात आले. पुढे त्याने स्वतः व्यावसायिक पाणबुड्याचे शिक्षण घेतले.

५

महाराष्ट्रास हा विषय परका नाही. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत स्फोट होऊन सिंधुरक्षक ही पाणबुडी बुडाली आणि तिच्यावरील १८ जण मृत्युमुखी पडले. शोधासाठी आत शिरलेल्या नौदलाच्या पाणबुड्यांना जवळजवळ काहीच दिसत नव्हते आणि अरुंद वाटेने एका वेळी एकालाच काम करता येत होते. दुसरीकडे, मालवण व तारकर्ली येथे स्कूबाचा प्रसार झाला आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये सेवानिवृत्त झालेली गुलदार ही युद्धनौका सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवती खडकांच्या परिसरात समुद्रतळी ठेवून पर्यटकांना दाखविण्याची योजना शासनाने हाती घेतलेली आहे. पाण्याखालच्या जहाजाचे आकर्षण यापुढे मराठी वाचकाच्या आवाक्यात येत आहे.

यास्तव सूचनांच्या भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. हस्तसंकेत आंतरराष्ट्रीय आहेत आणि ते तसेच राहिले पाहिजेत. त्यांचे मराठीकरण करणे अनर्थकारक ठरेल. परंतु प्रत्येक संकेताचा अर्थ, विशेषतः तो नेहमीच्या सवयीहून कोठे निराळा आहे, हे शिकणाऱ्यास किनाऱ्यावर त्याच्याच भाषेत आणि पुरेशा उदाहरणांनी समजले पाहिजे. उभा अंगठा म्हणजे 'उत्तम' नव्हे, हे कोरड्या जमिनीवर अंगवळणी पडले नाही, तर धुंदी, भय आणि अंधार यांच्यामध्ये ते आठवण्याची शक्यता नाही. तसेच एकच निरोप हात, प्रकाश, स्पर्श आणि दोरी अशा चारही माध्यमांतून देता येणे, ही पुनरुक्ती नव्हे. एक माध्यम निकामी झाल्यावर दुसऱ्याने तोच अर्थ वाहून न्यावा यासाठी ती केलेली तरतूद आहे. शॅनन यांच्या १९४८ च्या संदेशविषयक सिद्धांतात जिला अतिरिक्तता म्हटले जाते, ती हीच. लेखनात अतिरिक्तता दोष मानली जाते. भग्ननौकेत तिच्यावर प्राण अवलंबून असतात.