माया सोडून बेतलेला परकर

वयाच्या आठव्या वर्षी, दिवाळीच्या सुटीतील एका दुपारी, आजीच्या चिंध्यांच्या बोचक्यातून निवडून काढलेल्या हिरव्या तुकड्याचा परकर मी माझ्या कापडी बाहुलीसाठी बेतला, तेव्हा तो तुकडा तिच्या कमरेभोवती गुंडाळून जिथे टोकाला टोक मिळाले तिथेच मी कात्री चालवली, आणि शिवण घालून झाल्यावर तो परकर तिच्या कमरेला काही केल्या पुरेना, तेव्हा माझ्या रडकुंडीला आलेल्या चेहऱ्याकडे पाहून आजी एवढेच म्हणाली, “माया सोडली नाहीस, बाळ.” शिवणीत आणि दुमडीत जाण्यासाठी मापाबाहेर राखलेल्या कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले, आणि पुढे जे काही शिवणकाम हातून झाले त्याच्या मुळाशी तो एक शब्द कायम राहिला.

नवशिक्याने शिवणकामाचा आरंभ कोठून करावा, असे कोणी विचारले तर मी निःसंकोचपणे बाहुलीच्या परकराकडे बोट दाखवीन. पोलक्याला गळा आहे, मुंढे आहेत, बाह्या आहेत, आणि गोलाईवर कापड बसवण्याची विद्या हात मुरल्याखेरीज साधत नाही. परकराला मात्र एक आयताकृती तुकडा, एक उभी शिवण, खाली दुमड आणि वर नेफा एवढाच सरंजाम पुरतो. असे असूनही बेतणे, टाचणे, शिवणे, दुमडणे आणि चुण्या आवळणे ही वस्त्रनिर्मितीची प्रमुख अंगे त्या वीतभर कापडात क्रमाने येऊन जातात. आणि काही चुकलेच, तर नुकसान होते ते बोचक्यातील एका तुकड्याचे, बाजारातून मोजून आणलेल्या वारांचे नव्हे.

तथापि जे लहान ते सोपे, हा सर्वसाधारण समज येथे फसवतो. बारा इंचांची बाहुली माणसाच्या सुमारे पाचव्या हिश्शाची असते, परंतु तिच्यासाठी कापडाचे सूत काही पाचपट बारीक होत नाही. ज्या वजनामुळे बाईच्या परकराचा घेर झुळझुळीत पडतो, ते वजन सहा इंच लांबीत मिळत नाही, आणि जाड कापडाचा परकर बाहुलीच्या कमरेभोवती उघड्या छत्रीसारखा ताठ उभा राहतो. कापलेल्या कडेचे धागेही बाहुली लहान आहे म्हणून कमी सुटत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाने कापडाची टंचाई झाली असता, 1945 च्या मार्च महिन्यात पॅरिसच्या लूव्हर प्रासादात ‘तेआत्र द ला मोद’ नावाचे प्रदर्शन भरले, आणि त्यात बालेन्सियागा, स्कियापरेली यांच्यासारख्या नामांकित वेषकारांनी सुमारे 27 इंच उंचीच्या तारेच्या बाहुल्यांवर आपले नवे पोशाख चढवून दाखवले. त्या बाहुल्या आज अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील मेरीहिल संग्रहालयात आहेत. त्या मनुष्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या होत्या; आपली बाहुली त्यांच्याही निम्म्याहून लहान, तेव्हा कापड निवडण्याची आपली जबाबदारी त्या कसबी कारागिरांहून कमी नाही.

म्हणून मलमल, वॉयल, किंवा धुऊन धुऊन मऊ पडलेले सुती लुगडे, ही नवशिक्यासाठी सर्वांत भरवशाची कापडे होत. जुने कापड आटायचे तेवढे आटलेले असते. नवे असल्यास ते भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेतायला घ्यावे. साटीन दिसते सुंदर, पण हातातून निसटते आणि कडेला लवकर सुटते, म्हणून ते पुढच्या खेपेसाठी राखावे. नक्षीही बाहुलीच्या बेताची, म्हणजे बारीक ठिपक्यांची वा चिमुकल्या फुलांची असावी. लुगड्याचा काठ खालच्या कडेला घेतला तर एक मोठी सोय होते, कारण विणीतच पक्का असल्यामुळे तो सुटत नाही आणि दुमडीची गरज उरत नाही. मात्र तीन इंचांचा काठ सहा इंचांच्या परकराचा अर्धा भाग व्यापतो, तेव्हा काठ अर्ध्या इंचाचाच पाहावा. खणाच्या कापडाचा मोह अनावर झाल्यास परकर खणाचा करावा, परंतु नेफ्यासाठी मलमलीची वेगळी पट्टी जोडावी, म्हणजे कमरेपाशी जाडीचा गठ्ठा होत नाही.

आता मापाचा हिशेब. बाहुलीची कंबर 6 इंच आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची लांबी 6 इंच धरू. चुण्या चांगल्या पडण्यासाठी घेर कमरेच्या दुप्पट, म्हणजे 12 इंच घ्यावा, आणि उभ्या शिवणीसाठी दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच माया मिळवून रुंदी 13 इंच करावी. लांबीत वर नेफ्यासाठी पाऊण इंच आणि खाली दुमडीसाठी पाऊण इंच मिळवले की साडेसात इंच होतात. मुलींच्या परकराला वाढत्या अंगाची तरतूद म्हणून आडव्या चिमट्या घालून ठेवण्याचा रिवाज होता. बाहुली वाढत नाही, म्हणून तिच्या परकराला तसले काही लागत नाही. पण माया लागतेच. तेरा इंचांतील एक इंच शिवणीत जातो हे पाहून नवशिक्याचा जीव कापडासाठी तुटतो, आणि बाहुली लहान तर मायाही लहान, असा विचार करून तो दोन सुतांवर शिवण घालतो. पहिल्या धुण्यातच ती शिवण कडेपासून सुटून हातात येते.

हातसुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे ध्यानात ठेवून 9 किंवा 10 नंबरची सुई घ्यावी, आणि दोरा हातभरच ओवावा, कारण लांब दोऱ्याच्या गाठी होतात. कापड सपाट असतानाच खालची कड आधी पाव आणि मग अर्धा इंच दुमडून हातशिलाईने पक्की करावी. परकर गोल झाल्यावर त्या चिमुकल्या घेरात हात फिरत नाही. नंतर सुलट बाजू आत ठेवून दोन्ही उभ्या कडा जुळवाव्यात, कच्चा दोरा घालावा, आणि खालून वर उलटी टीप घालीत जाऊन वरच्या कडेच्या दीड इंच अलीकडे थांबावे. उरलेल्या फटीच्या दोन्ही कडा आत दुमडून शिवाव्यात, म्हणजे नाडी ओवायला वाट राहते आणि परकर चढवणे सुलभ होते. शेवटी वरची कड पाव इंच आणि मग अर्धा इंच मुडपून नेफा करावा, व सेफ्टी पिनेला बांधून 16 इंचांची नाडी त्यातून ओवावी. नाडी आवळताच चुण्या आपोआप पडतात.

हात बसल्यावर गोल घेराचा परकर करून पाहावा. कमरेच्या मापाला सव्वासहाने भागले की मधल्या छिद्राची त्रिज्या मिळते. सहा इंच कमरेला ती एक इंचाहून किंचित कमी येते. तेथे कात्री आखूडच चालवावी, कारण छिद्र मोठे करता येते, लहान करता येत नाही.

माझा तो हिरवा परकर आजीने टाकू दिला नाही. तिने शिवण उसवली, बोचक्यातून तांबड्या खणाचा एक तुकडा काढला, मला फटीचे माप घ्यायला लावले, आणि कात्री देण्यापूर्वी माझ्या हातात खडू दिला. मापाच्या दोन रेघा मी मारल्या; त्यांच्या बाहेर, बोटाच्या एका पेराएवढ्या अंतरावर, आणखी दोन रेघा तिने मारायला सांगितल्या. “आतल्या रेघा बाहुलीच्या,” ती म्हणाली, “बाहेरच्या शिवणीच्या. कात्री बाहेरच्यांवरून चालव.” हिरव्या घेरात तांबडी पट्टी जोडलेला तो परकर बाहुलीच्या कमरेला नीट बसला, आणि पुढे किती वेळा धुतला तरी त्याची शिवण कोठे सुटली नाही.