हवेतून वाटीत आलेला वाल

फुलावर आलेलं वालाचं एक रोप मातीसकट अलगद उपसा आणि मुळं पाण्यात धुऊन बघा. मुळांना बारीक बारीक गाठी दिसतील. त्यातली एक नखाने फोडा. आत चक्क गुलाबी! हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्याच एका प्रथिनाचा. वेलाच्या मुळात रक्ताचं नातं कशासाठी?

या गाठींत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात. हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजन आहे, पण तो ना आपल्याला थेट वापरता येतो, ना झाडांना. या जिवाणूंना मात्र येतो. अडचण एकच, त्यासाठी लागणारं त्यांचं विकर ऑक्सिजन लागला की निकामी होतं. म्हणून ते गुलाबी प्रथिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूंना श्वासापुरताच देतं. वेल त्यांना साखर पुरवतो, ते वेलाला नायट्रोजन. त्यातूनच दाण्यातली प्रथिनं घडतात. उन्हाळ्यात काकडीसोबत खायला आपण वालाचं जे डिप करणार आहोत, ते असं हवेतून आलेलं आहे!

वाल आपल्याकडे नवा नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, त्यात वालाचे आणि घेवड्याचे कितीतरी वाण जपले. शाळेची पायरी न चढलेल्या या बीजमातेला २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. एका वाणाचा दाणा पांढरा, दुसऱ्याचा तांबूस, तिसऱ्याचा काळा. पण कडेची ठळक पांढरी रेघ बहुतेक सगळ्यांना असते. तिथेच दाणा शेंगेला चिकटलेला होता.

आता वाटीभर वाल रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला. कोरडा दाणा मेलेला नसतो बरं का! तो जिवंतच असतो, फक्त त्याचे व्यवहार जवळजवळ थांबलेले असतात. पाणी मिळालं की काही तासांत आतली विकरं कामाला लागतात आणि साठवलेलं अन्न कोंबासाठी सोडवू लागतात. सकाळी ते पाणी फेकून द्या. ते वापरू नका, कारण जनावरांनी दाणे खाऊ नयेत म्हणून वालाने आत सायनाइड सोडू शकणारी द्रव्यं ठेवलेली असतात. त्यामुळे कच्चा वाल खायचा नाही. भिजवणं, पाणी बदलणं, सोलणं आणि नीट उकळणं, आपल्या आज्यांनी घालून दिलेल्या या प्रत्येक पायरीला असा पक्का आधार आहे.

भिजलेला वाल फडक्यात बांधून ठेवा, उन्हाळ्यात मोड लवकर येतात. मग कोमट पाण्यात टाकून दाणा चिमटीत दाबा, साल सुटते आणि गुळगुळीत डाळिंबी बाहेर उडते. डाळिंब्या पूर्ण मऊ होईपर्यंत उकळा आणि हेही पाणी काढून टाका. लिंबू आत्ता अजिबात नको! पेशींना एकमेकींशी जोडणारं पेक्टिन आंबटात सहजासहजी विरघळत नाही, दाणे टणकच राहतात. विहिरीच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, तिथेही गोम पेक्टिनचीच. पाण्यातलं कॅल्शियम त्याला घट्ट बांधतं.

गार झालेल्या डाळिंब्या, भाजलेले तीळ, जिरं, हिरवी मिरची, मीठ आणि दोन पाकळ्या लसूण मिक्सरमध्ये घाला. अख्ख्या लसणाला फारसा वास नसतो. चिरडला की वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली दोन द्रव्यं भेटतात आणि झणका त्या क्षणी तयार होतो! मग शेंगदाण्याचं तेल अगदी थोडं थोडं सोडा आणि भांड्यात नीट बघा. वाटण फिकट होत जाईल. तेलाचे कण इतके बारीक झाले आहेत की ते उजेड चहूकडे विखुरतात. हे कण पुन्हा एकत्र का येत नाहीत? वालाची प्रथिनं प्रत्येक कणाला वेढून बसतात, एक बाजू तेलाकडे, दुसरी पाण्याकडे. हवेतल्या नायट्रोजनचं काम इथवर पोचलं! लिंबू आता पिळा.

सोबतीला काकडी, गाजर, ढोबळी मिरची. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं आणि तिची प्रत्येक पेशी हवा भरलेल्या ट्यूबसारखी ताठ असते. दाताखाली होणारा कुरकुर आवाज त्या पेशी फुटण्याचा. मीठ लावून ठेवलं तर पाणी बाहेर येतं आणि फोडी लुळ्या पडतात. मलूल झालेली काकडी बर्फाच्या पाण्यात टाका, पेशी पाणी शोषून पुन्हा ताठ होतात.

डिप झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. काकडी मात्र खायच्या वेळीच चिरा, आणि मीठ लावायचंच असेल तर अगदी शेवटी.