अंगणांतील मंडूकगृह

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील १०३ वें सूक्त मंडूकांचें आहे. पर्जन्यारंभीं ओरडणाऱ्या बेडकांस तेथें वेदघोष करणाऱ्या ब्राह्मणांची उपमा दिली आहे. पांढरकवड्याच्या काळ्या जमिनींत उन्हाळाभर दडलेले हे प्राणी मृगाच्या सरीबरोबर बाहेर पडतात. त्यांस कांचेच्या पेटींत कोंडण्याचा मोह मुलांस होतो. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बेडकांच्या कित्येक जातींस संरक्षण दिलें आहे. म्हणून पेटीऐवजीं अंगणांतच त्यांचें घर करावें.

सावलींत दोन हात रुंद, वीतभर खोल खड्डा खणून चिकणमातीनें लिंपावा. एक कांठ उतरता ठेवावा. नाहींतर शेपूट गळूं लागलेलीं पिल्लें वर न येतां बुडून मरतात. पाणी पावसाचें असावें. नळाचें असल्यास दोन दिवस उघडें ठेवून मग घालावें. कांठीं अळू, कर्दळ व नेचे लावून कौलांचे तुकडे व ओला पाचोळा पसरावा. मासे सोडूं नयेत, ते अंडीं खातात. डांसांच्या अळ्या दिसल्यास फडक्यानें गाळून काढाव्या.

बेडूक तोंडानें पाणी पीत नाहीं, त्वचेनें शोषतो. म्हणूनच कपाशीवर फवारलेलें विष त्यास सहज बाधतें. असें फवारे या घराजवळ मुळींच नकोत. पुढील पिढीस तें सूक्त केवळ पोथींत वाचावें लागूं नये, एवढ्यासाठीं तरी वाचकांनीं येत्या ज्येष्ठांत हा खड्डा खणावा.