उपासना आणि पंगत: विद्यार्थी-संगतीची एक संध्याकाळ

१९५३ पासून १९८३ साली पुण्याला हलेपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळात होती. देशभरातली, निरनिराळ्या मंडळ्यांतली, म्हणजे चर्चमधली मुलं इथे धर्मशास्त्र शिकायची. अशा मिश्र विद्यार्थ्यांची संगती आपल्याला जमवायची असेल, तर उपासनेइतकाच जेवणाचाही विचार आधी करावा लागतो.

सुरुवात गाण्यांनी करावी. तीन पुरेत. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं उत्तम, कारण त्यांचा साचा अभंग-कीर्तनाचा. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी झेलायची. नवख्याला पुस्तकही लागत नाही. घोळ होतो तो पट्टीत. पेटीवाला आपल्या सोयीची काळी एक धरतो आणि मुलींचे आवाज खाली बुडतात. धृपद आधी सगळ्यांकडून गुणगुणून घ्यावं, मगच सूर पक्का करावा.

मग वचन, म्हणजे बायबलमधला उतारा. तो लहान असावा आणि दोघांनी आळीपाळीने वाचावा.

त्यानंतर साक्ष. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं, हे साध्या शब्दांत सांगणं म्हणजे साक्ष. ती लांबली की मागच्यांचं लक्ष घड्याळाकडे जातं, कारण वसतिगृहाचं दार ठरल्या वेळी बंद होतं. बोलणाऱ्याला वेळ आधीच सांगून ठेवावी. मधेच थांबवलं तर लाजरं मूल पुन्हा उभं राहत नाही.

आता पंगत. हे प्रीतिभोजन, एकमेकांवरच्या प्रेमाचं साधं जेवण. पाळक भाकर आणि द्राक्षरस देतात तो प्रभुभोजनाचा विधी वेगळा. नव्या मुलांना हा फरक आधीच सांगावा, नाहीतर ताटावर बसायला ती बिचकतात. जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात मोरावियन बंधूंकडून ही प्रथा मेथडिस्टांत आणली. तेव्हा भाकर आणि पाणी एवढंच फिरायचं, आणि साक्षीही तिथेच व्हायच्या.

आपल्याकडे वरण-भात, वांग्याची भाजी, पोळ्या. पंचवीस जणांना दोन किलो तांदूळ, किलोभर तुरीची डाळ, तीन किलो वांगी आणि पंच्याहत्तर पोळ्या लागतात. तिखट बेतानेच घालावं, ठेचा वाटीत वेगळा ठेवावा. बाहेरगावच्या मुलांना विदर्भाचा झणका सोसत नाही.

सर्वांत मोठी चूक वाढण्यात होते. पुढे बसलेले सुरू करतात, भांडी घासणारे शेवटी येतात आणि त्यांच्या वाट्याला खरवड उरते. करिंथच्या मंडळीत हेच झालं होतं: सुखवस्तू आधी जेवून मोकळे, गरीब उपाशी. प्रेषित पौलाने त्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात त्यांना एकमेकांसाठी थांबायला सांगितलं. म्हणून सगळी ताटं वाढून झाल्यावरच उपकारस्तुतीची प्रार्थना करावी. स्वयंपाकघरातल्यांनाही आधी बाहेर बोलवावं.

वर्गणीसाठी झाकणाचा डबा ठेवावा, नावांची यादी नको. ज्याच्याकडे पैसे नाहीत, तो यादी पाहून पुढच्या वेळी येतच नाही.

शेवटी भांडी. घासणाऱ्यांची पाळी आदल्या आठवड्यातच लावावी, आणि त्यात मुलांची नावं मुलींइतकीच असावीत.