चीवर असो वा झगा, पगारावर कर लागतोच

कॅथलिक पाद्री व नन्स दारिद्र्याचे व्रत घेतात, शिक्षक म्हणून मिळालेला पगार धर्मसंस्थेला देतात. मग त्यावर प्राप्तिकर का? ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडू-केरळमधील अपिले फेटाळली. अनुदानित शाळेचा पगार त्या व्यक्तीच्या नावाने निघतो, म्हणून टीडीएस कापला जाणार. तो पुढे कुणाला दिला, हा नंतरचा प्रश्न.

भन्तेजींनी नोकरी केली तर नियम हाच. सूट व्रताला नाही, अटी पाळणाऱ्या ट्रस्टला आहे. पनवेलच्या विहार समित्यांनी लक्षात घ्यावे : धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी पुरेशी नाही, करसवलतीसाठी आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते. विहाराचे दान कुणाच्या वैयक्तिक खात्यात घेऊ नका. उद्या ते त्याचेच उत्पन्न ठरू शकते. घामाच्या दानाचा हिशोब चोख हवा.