न उगवलेल्या बियांचे रान

2018 च्या एप्रिलमध्ये लेकीकडे लॉस एंजेलिसला गेले होते. तिथून उत्तरेला साधारण 110 किलोमीटरवर, मोहावे वाळवंटाच्या पश्चिम टोकाला, अँटिलोप व्हॅलीतले पॉपीचे राखीव क्षेत्र आहे. वसंतात तिथल्या टेकड्या केशरी होतात, अशी छायाचित्रे मी कित्येक वर्षे पाहत आले होते. प्रत्यक्षात दिसल्या त्या मातकट टेकड्या, वाऱ्यावर लवणारे वाळके गवत आणि वाटेच्या कडेला दहा-बारा फुले. हिवाळ्यातला पाऊस चुकला होता. पलीकडे काही दिसते का, हे पाहायला मी पायवाट सोडून उघड्या जमिनीवर गेले. तेवढ्यात एका स्वयंसेवक बाईंनी हाक मारून मला परत बोलावले. ‘इथे तर काहीच नाही,’ मी म्हणाले. ‘आहे, तुमच्या पायाखाली आहे,’ त्या म्हणाल्या.

या एका वाक्याने मला पुढे बरेच वाचायला लावले.

सुमारे 700 हेक्टरांचे हे क्षेत्र 1976 पासून राखीव आहे. जेन पिनेरो या स्वशिक्षित चित्रकर्तीने इथली रानफुले आयुष्यभर रंगवली आणि त्यांच्या संरक्षणासाठी लोकांना उभे केले. इथल्या माहिती केंद्राला तिचेच नाव आहे. इथे कुणी बी पेरत नाही, पाणीही घालत नाही. पॉपीचे शास्त्रीय नाव ‘एशोल्झिया कॅलिफोर्निका’. 1816 मध्ये ‘रुरिक’ या रशियन जहाजातून सॅन फ्रान्सिस्कोला आलेल्या आडेलबर्ट फॉन शमिसोने ते आपला मित्र, जहाजावरचा डॉक्टर एशोल्त्स, याच्यावरून ठेवले. शमिसो जर्मन कवी होता आणि स्वतःची सावली विकणाऱ्या माणसाच्या कथेमुळे साहित्यात आजही ओळखला जातो. सावलीला झाड नसलेल्या त्या टेकड्यांवर मला हे आठवून गंमत वाटली.

किनाऱ्याकडच्या ओलाव्यात पॉपी अनेक वर्षे जगते. वाळवंटात मात्र ती बहुधा एका हंगामात उगवते, फुलते, बी टाकते आणि मरते. तिच्याबरोबर फुलणाऱ्या बऱ्याच रानफुलांचे आयुष्यही एवढेच. मग पाऊस नसलेल्या वर्षी ही झाडे असतात कुठे? मातीत, बीरूपाने. आणि ते बी पहिल्या सरीला फसत नाही. फ्रिट्स वेंट या डच-अमेरिकन शास्त्रज्ञाने 1940 आणि 1950 च्या दशकांत कॅलिफोर्नियातल्या वाळवंटी वर्षायू वनस्पतींवर प्रयोग केले. साधारण अर्ध्या ते एक इंचाइतका पाऊस पडल्याशिवाय बऱ्याच जातींचे बी उगवत नाही, असे त्याला आढळले. विशेष म्हणजे माती खालून ओली केली, तर ओल तेवढीच असूनही बी उगवेना. वरून पाऊस पाडला की उगवे. कारण बियांच्या टरफलात उगवण रोखणारी द्रव्ये असतात. ती धुऊन जायला वरून पुरेसे पाणी वाहावे लागते. म्हणजे टरफल हेच बियांचे पर्जन्यमापक.

पण चांगला पाऊस पडला, तरी सगळे बी उगवत नाही. काही मागे राहते. हे मागे राहणे 1966 मध्ये डॅन कोहेन या शास्त्रज्ञाने गणिताने समजावले. मी ते माझ्या सोप्या आकड्यांत मांडते. एका जातीचे 100 बी आहेत. चांगल्या वर्षी उगवलेल्या प्रत्येक बियापासून 10 नवे बी मिळतात, वाईट वर्षी एकही नाही. सगळे बी उगवले, तर चांगल्या वर्षानंतर 1000 होतील; पुढच्या वर्षी तेही सगळे उगवले आणि पाऊस दगावला, तर शून्य. तेच दरवर्षी निम्मे उगवले, तर पहिल्या वर्षी 500 नवे आणि 50 राखलेले मिळून 550. वाईट वर्षानंतरही 275 शिल्लक. मातीत मुंग्या-उंदीर बी खातात, काही कुजतेही. पण मुद्दा बदलत नाही. पिढ्यांचा हिशेब हा गुणाकार आहे आणि गुणाकारात एक शून्य आले की सारे शून्य.

हे वाचताना मला वडील आठवले. माण तालुक्यात ते कोरडवाहू शेती करत. मृगाचा पाऊस कितीही जोरात झाला, तरी घरातली सगळी बाजरी ते कधी पेरत नसत. दुबार पेरणीची वेळ आली तर कणगीत काहीतरी हवे, एवढेच त्यांचे म्हणणे. कासच्या पठारावर वर्षायू फुलांना पाऊस ठरलेला असतो, तो थोडा पुढेमागे होईल इतकेच. मोहावेत आणि माणमध्ये तेवढाही भरवसा नाही.

कोहेनच्या गणिताला पुढे शेतातला पुरावा मिळाला. लॉरेन्स व्हेनेबल यांनी 1982 पासून ॲरिझोनातल्या टूसॉनजवळ, ट्युमामॉक टेकडीवर, वाळवंटी वर्षायूंची वर्षानुवर्षे मोजदाद केली. ज्या जातींचे यश वर्षागणिक जास्त हेलकावे खाते, त्या एका हंगामात बियांचा कमी हिस्सा उगवू देतात, असे त्यातून दिसले. जितका धोका मोठा, तितकी राखण मोठी.

2019 मध्ये पाऊस चांगला झाला. मार्चअखेर नातीला घेऊन पुन्हा गेले. सकाळी गार वाऱ्यात फुले मिटलेली होती. ऊन चढले तशी उघडली आणि टेकडीमागून टेकडी केशरी होत गेली, मध्ये ल्युपिनचे जांभळे पट्टे. माणसांचीही रीघ होती. त्याच महिन्यात एका जोडप्याने या फुलांत चक्क हेलिकॉप्टर उतरवले होते. छायाचित्रासाठी वाट सोडून आत शिरल्याच्या खुणाही ठिकठिकाणी होत्या. तुडवलेले झाड बी टाकत नाही. दबलेल्या जमिनीत पुढे रोप धरत नाही. शिवाय भूमध्य प्रदेशातून आलेली ब्रोमसारखी गवते जरा ओल मिळाली की उगवून पाणी पळवतात. फुललेले वर्ष म्हणजे कणगी भरण्याचे वर्ष. ते वाया गेले, तर पुढची दोन-चार कोरडी वर्षे जुन्याच साठ्यावर काढावी लागतात.

नातीला फुलांत बसून फोटो हवा होता. मी तिला वाटेच्या कडेलाच उभे केले. ती रुसली. मग तिला मागच्या वर्षीचा, ओसाड टेकडीचा फोटो दाखवला आणि विचारले, ‘तेव्हा ही फुले कुठे होती, सांग?’ तिने बराच वेळ फोटो निरखला आणि मग स्वतःच्या पायाखाली पाहिले.

फुलांच्या वर्षी सगळेच जातात. शक्य असेल त्याने एखाद्या कोरड्या वर्षीही तिथे जावे, आणि तेव्हाही वाटेवरूनच चालावे.