कंसातल्या नोंदी आणि फुगलेले टेबल

जुन्नर-आंबेगावात जमिनीचा फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावरचे जुने नाव पुसत नसत, कंस करून ठेवत; हस्तलिखित सातबारे ठरावीक वर्षांनी नव्याने लिहावे लागत. पोस्टग्रेस ही डेटाबेस प्रणालीही ओळ बदलताना जुनी प्रत तशीच ठेवते आणि ऑटोव्हॅक्यूम ही तिची आपोआप चालणारी सफाई-प्रक्रिया नंतर ती जागा मोकळी करते. पण कधी? मूळ सेटिंगनुसार, बाद ओळी, म्हणजे अशा जुन्या प्रती, ५० अधिक एकूण ओळींच्या २० टक्के, यापलीकडे गेल्या की. हजार ओळींच्या टेबलात हा आकडा २५० येतो, ते ठीकच. एक कोटी ओळींच्या टेबलात मात्र २० लाख ५० बाद ओळी साचेपर्यंत सफाई सुरूच होत नाही. तोवर टेबल फुगते, शोध मंदावतो. अशा टेबलापुरते हे प्रमाण एक टक्का किंवा त्याहून कमी करावे, असे माझे ठाम मत आहे.

वारंवार सफाईने डिस्कवर ताण येईल, हा आक्षेप अर्धाच खरा. गेल्या सफाईनंतर न बदललेली पाने ऑटोव्हॅक्यूम बहुतांशी वगळते. इंडेक्स मात्र साधारणपणे पूर्ण वाचावे लागतात, म्हणून प्रमाण शून्याला नेऊन भिडवणेही चूकच. २०२५च्या अठराव्या आवृत्तीत १० कोटी बाद ओळींची कमाल मर्यादा आली खरी, पण तिचा उपयोग साधारण ५० कोटींहून मोठ्या टेबलांनाच. आणि तासन्‌तास उघडा राहिलेला एखादा व्यवहार असेल, तर त्याला दिसू शकणाऱ्या जुन्या प्रती ऑटोव्हॅक्यूमला काढताच येत नाहीत. सेटिंगला हात लावण्याआधी तो शोधून बंद करावा.